पवनीच्या टेकड्या

नागपूरहून उमरेड-भिवापूरच्या वाटेने वाघ पाहावयास निघालेल्या मोटारी पहाटेच्या धुक्यात पवनीकडे येतात, अरण्याच्या फाटकाशी थांबतात आणि दुपारी आल्या वाटेने परत जातात. वाघ दिसला तर मंडळी हर्षित असतात, न दिसला तर खट्टू. परंतु ज्या गावाच्या नावाची पाटी त्यांनी वाटेत वाचली, त्या गावात सांचीच्या तोडीचे काही आहे, ही गोष्ट त्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेलेली असते.

पवनी हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव, वैनगंगेच्या उजव्या काठी वसलेले. डोंगर म्हणावा असा डोंगर येथे नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जावे लागते. पवनीस आहेत त्या टेकड्या. जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची टेकडी, हरदोलाला टेकडी अशी त्यांची नावे. यांतील मौज अशी की, टेकडी म्हणून पिढ्यान् पिढ्या ओळखले गेलेले हे उंचवटे सर्वस्वी निसर्गाने घडविलेले नाहीत. माणसांनी विटा व माती वाहून आणून ते रचले आहेत.

ही गोष्ट निर्विवाद ठरली ती 1969-70 साली. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते, आणि त्यांचा वृत्तांत 1972 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जगन्नाथाचे देऊळ ज्या टेकडीच्या माथ्यावर उभे आहे, तिच्या पोटात एक प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास 38 मीटरांहून काहीसा अधिक भरला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटरांच्या आसपास आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे पवनीच्या कामाची कल्पना येईल. चांडकापूरचा स्तूप तर याहूनही मोठा, चाळीस मीटरांच्या वर. सांचीचे नाव शाळकरी पोरासही ठाऊक असते. पवनीच्या वाट्यास ते भाग्य आले नाही, याचे कारण उघड आहे. सांचीचा स्तूप डोळ्यांना दिसतो. पवनीचा मातीखाली आहे.

स्तूप म्हणजे नुसता विटांचा ढिगारा नव्हे. बुद्धाच्या किंवा एखाद्या श्रेष्ठ भिक्षूच्या अवशेषांवर, अथवा त्यांच्या स्मरणार्थ, अर्धगोल घुमटाकृती रचना करावयाची, तिच्याभोवती फिरण्यास प्रदक्षिणापथ ठेवावयाचा आणि त्या पथाच्या बाहेरून कठडा घालावयाचा, अशी ही वास्तू असते. या कठड्यास वेदिका म्हणतात. उभे ते स्तंभ, दोन स्तंभांमध्ये आडव्या बसविलेल्या त्या सूची, आणि सर्वांच्या माथ्यावरून गेलेला गोलसर दगड तो उष्णीष. पवनीस हा कठडा आरंभी लाकडाचा होता. पुढे शुंगकाळाच्या सुमारास, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत, तो दगडाचा झाला. दगड कोरणाऱ्यांनी मात्र सुताराची रीत सोडली नाही. स्तंभाला खाच पाडून त्यात सूचीचे टोक बसवावयाचे, ही लाकडाची जोडणी त्यांनी दगडातही जशीच्या तशी उतरविली. हात बदलला तरी सवय बदलत नाही, ती अशी.

या स्तंभांवरील शिल्पांत सर्वांत लक्षणीय आहे तो मुचलिंद नाग. बोधिप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ बसला असता वादळ उठले, पाऊस कोसळू लागला, तेव्हा या नागराजाने आपल्या फणा पसरून त्याच्यावर छत्र धरले, अशी कथा आहे. पवनीच्या शिल्पात नाग आहे, त्याच्या फणा आहेत, त्यांच्याखाली आसन आहे. पण आसनावर कोणीही नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवीत नसत. बोधिवृक्ष, धर्मचक्र, रिकामे आसन एवढ्यानेच त्याचे अस्तित्व सुचवावयाचे, असा संकेत होता. कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून कारागिराने नागाचे नावही ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवले आहे. रिकाम्या आसनाकडे पाहताना तेथे कोणी बसले आहे असे वाटावे, हे काम भरल्या मूर्तीपेक्षा अवघड होय.

हे सारे कोणी केले? एखाद्या सम्राटाने, असे उत्तर सहज तोंडी येते. परंतु स्तंभांवरील लेख निराळी साक्ष देतात. हा कठडा पुष्कळ माणसांच्या लहान लहान दानांतून उभा राहिला. कोणी एक स्तंभ दिला, कोणी एक सूची, आणि ज्याचे दान त्याचे नाव. विसमिता नावाच्या एका उपासिकेच्या दानलेखात तर सर्व प्राणिमात्रांस सुख लाभो, एवढीच इच्छा नोंदली आहे. राजांच्या वंशावळी ताम्रपटांनी राखल्या. या बाईचे नाव तिच्या दगडाने दोन हजार वर्षे राखले.

राजेलोकही पवनीस आले नाहीत असे नाही. क्षत्रप कुळातील रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला एक स्तंभ येथे मिळाला. त्यावरील लेखात त्यास ‘छायाखंभ’ म्हटले आहे. मेलेल्या माणसाची छाया जेथे राहते तो खांब, असा अर्थ मनात घोळू लागतो. भार कुळातील भगदत्त राजाचा पादुकांच्या शिळेवरील लेखही पवनीचाच. हे दोन्ही लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अभ्यासून प्रकाशात आणले. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही येथे सापडला आहे.

गावाभोवती मातीचा जुना तट व खंदक आहे. जेथे तट नाही तेथे नदी आहे. नदीकडे उतरले म्हणजे वैजेश्वर घाट, दिवाण घाट असे घाट आणि देवळांची दाटी लागते. या दाटीमुळेच पवनीस ‘विदर्भाची काशी’ म्हणण्याचा प्रघात पडला. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी पंचमुखी गणपती येथे आहे. अलीकडच्या काळात, गावाजवळ रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने नवा महास्तूप उभा राहिला. जुना मातीत, नवा उजेडात, असे दोन्ही एका दिवसात पाहता येतात.

पवनीची दुसरी कला कोष्ट्यांची. रेशीमकाठी धोतरे, लुगडी आणि उपरणी यांबद्दल हे गाव एके काळी दूरवर प्रसिद्ध होते. येथील कोष्टी अतिशय बारीक सूत मागावर चढवीत. 1877 साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि यंत्राच्या स्वस्त कापडापुढे हातमागाची पीछेहाट होत गेली. दगडाचे काम निदान मातीने झाकून जपले. मागाचे तसे नाही. धोटा थांबला की ते कसब एका पिढीतच हातातून जाते, आणि ते खणून काढील असा संशोधक नाही.

नदीचेही रूप पालटले आहे. पवनीच्या वरच्या अंगास गोसीखुर्द येथे धरण झाले. 22 एप्रिल 1988 रोजी त्याची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. अकरा किलोमीटरांहून लांब बांध, तेहतीस दरवाजे, आणि मागे समुद्रासारखे पसरलेले पाणी. पाहणाऱ्यास हे दृश्य रम्य खरे. परंतु त्या पाण्याखाली अनेकांची गावे व भाताची शेते आहेत. 2020 च्या ऑगस्टअखेर दरवाजे उघडावे लागले तेव्हा खालच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. शिवाय नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदी कन्हानेत आणि कन्हान वैनगंगेत आणून सोडते. घाटावर स्नानास उतरणाऱ्याने हे विसरू नये, आणि नागपूरकरांनी तर मुळीच विसरू नये.

राहिले अरण्य. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये घोषित झाले. ‘जय’ नावाचा भव्य वाघ 2013 मध्ये नागझिऱ्याहून येथे आला. मध्ये शेते, सडका आणि प्रत्यक्ष वैनगंगा ओलांडून. एप्रिल 2016 नंतर तो दिसला नाही. त्याच्यामुळे या रानाचे नाव सर्वतोमुखी झाले. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. हिवाळा सर्वांत सोयीचा.

जाणाऱ्याने मात्र एक क्रम पाळावा. पवनीची काही शिल्पे व लेख नागपुरात आहेत; मध्यवर्ती संग्रहालयात, ज्यास नागपूरकर अजब बंगला म्हणतात, तेथे आधी जावे. तेथे दगड आहेत, पण टेकडी नाही. पवनीस टेकडी आहे, पण ते दगड नाहीत. संग्रहालयातील स्तंभ डोळ्यांत साठवून मग जगन्नाथ टेकडी चढावी, देवाचे दर्शन घ्यावे आणि देवळाभोवतीच्या उतारावरून, डावीकडून उजवीकडे, सावकाश एक फेरी घालावी. जुना प्रदक्षिणापथ तेथेच कोठेतरी पायांखाली आहे.