हसणे औषध कधी झाले?

रुग्णालयातल्या विनोदाचा इतिहास बहुधा नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकापासून सांगितला जातो. १९६४ मध्ये त्याला मणक्याच्या सांध्यांचा गंभीर आजार जडला. मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट पाहत, पुढे तर रुग्णालयातला मुक्काम हॉटेलात हलवून, त्याने हसण्याचा प्रयोग स्वतःवरच केला. दहा मिनिटे पोट धरून हसले की दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्याने लिहिले. १९७६ मध्ये हा अनुभव ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि हसण्याला औषधाचा दर्जा मिळाला. तो क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुढे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कशीचे विदूषक मुलांच्या वॉर्डात जाऊ लागले, १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारियांचा हास्यक्लब सुरू झाला, आणि २००३ मध्ये ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ने हीच कल्पना घरोघरी नेली. या सगळ्यात विनोद बाहेरून आणून रुग्णाला द्यायची गोष्ट बनला. माझ्या मते गफलत इथेच झाली.

कारण कझिन्सचा लेख छापून येण्याआधीच समाजशास्त्रज्ञ अमेरिकी वॉर्डांत काही वेगळे ऐकून गेले होते. रोझ कोझर यांनी १९५९ मध्ये दाखवले की रुग्ण आपापसांत थट्टा करतात तेव्हा एकट्याची तक्रार सगळ्यांची होते. जोन इमर्सन यांचा १९६९ चा निबंध त्याहून मोलाचा वाटतो. मरण, लाज, उपचारांवरचा अविश्वास हे विषय रुग्णाला सरळ काढता येत नाहीत, म्हणून तो ते विनोदात गुंडाळून पुढे करतो. समोरच्याने दाद दिली तर बोलणे पुढे जाते, नाही दिली तर ‘गंमत केली हो’ म्हणून माघार घेता येते. ‘सिस्टर, या खेपेला घरी चालत जाणार की खांद्यावरून?’ असे आजोबा विचारतात, तेव्हा ते विचारत काय आहेत हे ओळखणे ही शुश्रूषेतली कसबाची गोष्ट. इथे परिचारिकेने हसवायचे नसते, ऐकायचे असते. नुसते हसून पुढच्या खाटेकडे वळणारी सिस्टर आजोबांचा प्रश्न तिथेच टाकून जाते.

यावर पहिला आक्षेप खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा म्हणता येईल. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाला उगाच धीर देणाऱ्या बडबडीवर तिने कडक टीका केली आहे. पण तिचा राग पोकळ दिलाशावर आहे. रुग्णानेच काढलेल्या थट्टेला तो लागू होत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: विनोदात सत्ता असते. कोझर यांनीच १९६० मध्ये एका मनोरुग्णालयातल्या बैठकांविषयी लिहिले, की वरिष्ठांच्या विनोदाचे लक्ष्य बहुधा कनिष्ठ असत आणि कनिष्ठ मात्र वरिष्ठांची थट्टा करत नसत. या उतरंडीत सर्वांत खाली रुग्णच असतो, त्यामुळे थट्टेची सुरुवात त्याची असावी हा नियम शिष्टाचारापुरता नाही, संरक्षणासाठीही आहे. उरला परिणामांचा प्रश्न. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये २००५ मध्ये चाळीस मुलांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी विदूषक सोबत असलेली मुले कमी घाबरली, तरी बहुतेक कर्मचाऱ्यांनी कामात व्यत्यय येतो म्हणून उपक्रम चालू ठेवायला नकार दिला. सिडनीच्या वृद्धाश्रमांतल्या विनोदोपचाराच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत नैराश्य हटले नाही, अस्वस्थता मात्र कमी झाली. औषध म्हणून हे गुण बेताचेच. फ्लॉरेन्सच्या कर्मचाऱ्यांना आडमुठे म्हणणे सोपे आहे. पण शस्त्रक्रियेच्या दाराशी पाहुणा आणून उभा केला की त्याच्यासाठी जागा आणि वेळ काढावा लागतो. सलाईन लावता लावता आजोबांना ‘खांद्यावरून का म्हणता?’ एवढे विचारायला वेगळा वेळ लागत नाही.