किराणा दुकानाची तपासणी कशी होते? ग्राहकाच्या हातात काय?

हॉटेल, मिठाईचे दुकान, बेकरी यांना स्वच्छतेसाठी ‘एफएसएसएआय’चे एक ते पाच असे मानांकन घेता येते. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या दारावर मात्र अशी श्रेणी सहसा दिसत नाही. मग तिथल्या डाळ-तेलावर लक्ष कोणाचे?

तपासणी कोण करते?
राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे. संशय आल्यास ते मालाचा नमुना घेऊन त्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. त्याचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो.

दोष आढळल्यास?
नियम पाळले जात नसतील तर सुधारणा नोटीस दिली जाते. त्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत असते. तरीही सुधारणा झाली नाही, तर परवाना आधी निलंबित आणि नंतर रद्द होऊ शकतो.

ग्राहकाने काय पाहावे?
१ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ अंकी ‘एफएसएसएआय’ क्रमांक बंधनकारक आहे. तो १ ने सुरू झाल्यास परवाना, २ ने सुरू झाल्यास नोंदणी. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर करता येते.

स्वतः तपासणी करता येते?
होय. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातील कलम ४० नुसार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. मात्र खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल नियमांत न बसणारा निघाल्यास शुल्क परत मिळते. म्हणूनच बिल घ्या आणि जपून ठेवा.