‘टीनेज हेड’ : सिंगापूरच्या एका पहिल्या अल्बमची गोष्ट

सिंगापूरच्या शाळांत शिकलेल्या पिढ्यांना ‘स्टँड अप फॉर सिंगापूर’ हे गाणं तोंडपाठ असतं. १९५९ साली मिळालेल्या अंतर्गत स्वायत्ततेला २५ वर्षं झाली, तेव्हा म्हणजे १९८४ साली सरकारने ते ह्यू हॅरिसन या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाकडून करून घेतलं. दोन वर्षांनी त्यानेच ‘काउंट ऑन मी, सिंगापूर’ लिहिलं. त्यात सिंगापूरच्या जागी इंडिया घालून ‘वी कॅन अचीव्ह’ या नावाने ते आपल्याकडच्या शाळांतही गायलं गेलं. २०२१ साली त्याच्या मालकीवरून वाद पेटला. मुंबईच्या एका संगीतकाराने ते आपलं असल्याचा दावा केला आणि नंतर मागे घेतला.

देशाने एका सुरात म्हणायची इंग्रजी गाणी तिथे अशी सांगून करून घेतली जात. पण विशीतल्या एखाद्या पोराला देशाबद्दल नाही, नुसतं स्वतःबद्दल गायचं असेल तर? त्याची सोय कुणीच केलेली नव्हती. १९९१ साली ‘द ऑडफेलोज’ या बँडचा ‘टीनेज हेड’ हा पहिला अल्बम आला, त्याचं महत्त्व इथे आहे.

सिंगापूरला गिटारचं वेड नवीन नव्हतं. ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आणि त्याचा ‘शॅडोज’ हा बँड १९६१ साली तिथे वाजवून गेले आणि घरोघरची मुलं गिटारी घेऊन बसली. क्वीन्सटाउनच्या तांत्रिक शाळेतल्या मुलांनी आपल्या शाळेच्या मासिकावरून नाव घेऊन ‘द क्वेस्ट्स’ हा बँड काढला. त्यांची ‘शँटी’ ही धून १९६४ साली तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत बीटल्सना मागे सारून पहिली आली. १९६६ साली त्यांची ‘क्वेस्टिंग’ ही लाँगप्ले निघाली. मुख्य गिटारवादक रेगी वर्गीस, म्हणजे भारतीय वंशाचा.

ही भरभराट सत्तरच्या दशकात ओसरली. लांब केस, रॉक आणि अमली पदार्थ हे एकाच माळेचे मणी ठरले. लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी होईल, अशा पाट्या सरकारी कचेऱ्यांत लागल्या. १९७२ साली लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडला केसांपायी सिंगापुरात कार्यक्रम करता आला नाही. १९८३ साली ख्रिस हो यांच्या ‘झिरकॉन लाउंज’ या बँडने ‘रीगल व्हिगर’ हा अल्बम काढून पाहिला. आज त्याचं नाव आदराने घेतात, तेव्हा मात्र तो खपला नाही.

कोंडी फोडली ती एका मासिकाने. १९८५ साली मायकेल आणि फिलिप चिया या भावांनी मित्रांसोबत ‘बिगओ’ सुरू केलं. पूर्ण नाव ‘बिफोर आय गेट ओल्ड’. सुरुवातीला झेरॉक्स काढून वाटलेलं हे हौशी पत्रक पुढे स्टॉलवर मिळणारं मासिक झालं. स्थानिक बँडची दखल घेण्यावर न थांबता त्यांनी या बँडच्या गाण्यांच्या संकलित कॅसेटही काढल्या. त्यांतल्या एकीचं नाव होतं ‘नथिंग ऑन द रेडिओ’. रेडिओवर आपलं काहीच लागत नाही, ही तक्रारच कॅसेटचं शीर्षक झाली. याच सुमारास, १९८७ साली, नवा कॉपीराइट कायदा लागू झाला. तोवर सिंगापूर चोरट्या कॅसेटसाठी जगभर बदनाम होतं. स्थानिक गाण्यावर पैसे लावायला कंपन्यांना आता थोडा तरी आधार मिळाला.

पॅट्रिक चंग याने ‘द ऑडफेलोज’ उभा केला तो १९८८ साली. आधी ‘माइल्ड’ नावाची घरगुती कॅसेट, मग ‘टीनेज हेड’. याच नावाचा अल्बम सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फ्लेमिन ग्रूव्हीज’ने १९७१ साली काढला होता. जुन्या रॉकचे जाणकार शीर्षक वाचूनच ओळखीचं हसले असतील. संगीताचा बाज साधा : खणखणीत गिटारी, पटकन ओठांवर बसणाऱ्या चाली, कसलाही आव न आणणारा आवाज. विशेष म्हणजे हा अल्बम ‘बीएमजी’ या बहुराष्ट्रीय कंपनीने बाजारात आणला. हौशी पत्रकाच्या आधाराने वाढलेल्या बँडसाठी ही मोठीच उडी होती.

त्यातलं ‘सो हॅपी’ हे गाणं ‘परफेक्ट टेन’ या तरुणांच्या इंग्रजी एफएम केंद्राच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. हे केंद्र सरकारी नभोवाणीचं होतं. रेडिओवर काही नाही म्हणणाऱ्या पिढीचं गाणं त्याच रेडिओवर अव्वल ठरलं.

पण या यशाला मर्यादा होत्या, आणि त्या बँडच्या कुवतीच्या नव्हत्या. १९९० साली देशाची लोकसंख्या जेमतेम ३० लाख, तीही चार भाषांत विभागलेली. मलय भाषेत गाणाऱ्या ‘स्वीट चॅरिटी’ या बँडला शेजारी मलेशियाची बाजारपेठ होती. मँडरिनमधून गाणाऱ्या लियांग वेन फूक यांच्या पिढीच्या ‘शिनयाव’ गीतांपुढे सगळा चिनी भाषक श्रोता होता. इंग्रजीतून गाणाऱ्याची गाठ थेट लंडन-न्यूयॉर्कशी. त्यात सक्तीची लष्करी सेवा. अठराव्या वर्षाच्या आसपास एकेक वादक दोन-अडीच वर्षांसाठी गणवेशात जाई आणि जमलेला मेळ मोडे. आर्मेनियन स्ट्रीटवर १९९० साली नाटककार क्वो पाओ कुन यांनी जुन्या वीज उपकेंद्रात उघडलेलं ‘द सबस्टेशन’ हे अशा बँडचं हक्काचं ठिकाण होतं. मात्र नव्वदीच्या सुरुवातीलाच मैफलींत एकमेकांवर आदळत नाचण्यावर बंदी आली.

तरीही वाट मळली. बँडचा गिटारवादक केल्विन टॅन याची ‘ऑल ब्रोकन अप अँड डान्सिंग’ ही कादंबरी १९९२ साली आली. १९९४ साली ‘हम्पबॅक ओक’ या बँडचा ‘पेन-स्टेन्ड मॉर्निंग’ हा अल्बम निघाला. १९९५ साली एरिक खू यांनी ‘मी पोक मॅन’ या चित्रपटात स्थानिक बँडची गाणी वापरली. २००२ साली एस्प्लनेड या भव्य सरकारी कलासंकुलात ‘बेबीट्स’ हा अशा बँडचा मोफत महोत्सव सुरू झाला. २०२२ साली ‘सॉब्स’ या तरुण इंडी पॉप बँडचा ‘एअर गिटार’ हा अल्बम अमेरिकेतल्या ‘टॉपशेल्फ’ या कंपनीने काढला. बाहेरची बाजारपेठ अशा इंग्रजी गाण्याला हळूहळू मिळू लागली.

‘टीनेज हेड’ हा सिंगापूरचा सर्वांत परिपूर्ण अल्बम आहे, असं म्हणायचं कारण नाही. त्याने सिद्ध केलं ते इतकंच की सिंगापुरात राहून, इंग्रजीत, कुणी सांगितलेलं नसताना लिहिलेलं गाणं शेजारच्या मुलाला आपलं वाटू शकतं. त्यासाठी नुसती प्रतिभा पुरली नाही. एक हट्टी मासिक, एक छोटा रंगमंच, एक कायदा आणि रेडिओवरची थोडी जागा, एवढं जुळून यावं लागलं.

हा ठेवा जपण्यासाठी सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्थानिक संगीताचा डिजिटल संग्रह उभारला आहे. जपण्याजोगं आपल्याकडेही आहे. ‘रॉक मशीन’ या बँडने १९८८ साली मुंबईत ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ काढला. त्यानंतर मराठीतूनही कितीतरी बँड उभे राहिले. त्यांच्या पहिल्या कॅसेट, कार्यक्रमांची पत्रकं, हस्तलिखित गाणी वाचकांपैकी कुणाच्या कपाटात असतील, तर ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. आपल्या गावच्या ग्रंथालयाला नेऊन द्या.