हाजराची विहीर आणि नव्वदचं दशक

ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल आणि गाझाच्या सीमेवर रक्ताचे पाट वाहिले आणि नांदेड-लातूरच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला. ज्यू आणि मुसलमानांचं भांडण चार हजार वर्षांचं आहे, ते धर्मग्रंथातच लिहून ठेवलंय, तेव्हा ते मिटणं शक्य नाही, असा त्याचा सूर. नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत तो वाचला गेला. एकानं तो इस्रायलच्या कौतुकासाठी पुढे पाठवला, दुसऱ्यानं इस्रायलला शिव्याशाप देण्यासाठी. पोथी मात्र दोघांनीही उघडली नाही.

गोष्ट तशी घरातली. अब्राहामाला, म्हणजे कुराणातल्या इब्राहीमला, मूल होत नव्हतं. सारेनं आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली आणि तिच्या पोटी इश्माएल जन्मला. पुढे म्हातारपणी सारेलाही इसहाक झाला आणि वारशाचा प्रश्न उभा राहिला. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात अब्राहाम भाकर आणि पाण्याची पखाल देऊन मायलेकरांची रवानगी करतो. बैर-शेबाच्या रानात पाणी संपतं, पोर मरायला टेकतं आणि देव हागारेला विहीर दाखवतो. मुसलमानांच्या परंपरेत हीच माय हाजरा. ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात खेपा धावते आणि झमझम फुटतो. नांदेड-लातूरचे हाजी परतताना आप्तांसाठी आणतात ते हेच पाणी.

लातूरला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं. घागर घेऊन उभा असलेला शेजारी शेजाऱ्यावर कसा उठतो, हे लातूरकरांनी पाहिलं आणि त्यासाठी कुठल्याही ग्रंथाचा आधार कुणाला शोधावा लागला नव्हता.

ग्रंथात दोन्ही भावांसाठी जागा आहे. वचनाचा वारसा इसहाकाकडे जातो, पण इश्माएलापासूनही मोठं राष्ट्र होईल असं देव सांगतो. बळी द्यायला नेलेला मुलगा उत्पत्तीत इसहाक आहे, तर कुराणाच्या सदतिसाव्या सुऱ्यात त्या प्रसंगात मुलाचं नावच येत नाही. तो इस्माईल होता, हे मत पुढे मुसलमानांत रूढ झालं आणि बकरी ईद त्याच्याशी जोडली गेली. पण अकराशे वर्षांपूर्वीच्या तबरीसारख्या थोर भाष्यकाराचा कौल इसहाकाकडे होता. म्हणजे ज्याला आज दोन धर्मांमधली भिंत म्हटलं जातं, तो एकेकाळी मुस्लीम विद्वानांमधलाच खुला वाद होता.

मदिनेची हकिकत कडवट आहे आणि ती झाकायचं कारण नाही. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथल्या ज्यू टोळ्यांना सोबत घेणारा करार झाला. दीड-दोन वर्षांत नमाजाची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळली. बनू कैनुका आणि बनू नदीर या टोळ्यांना शहर सोडावं लागलं, आणि ६२७ मध्ये बनू कुरैझाच्या पुरुषांना ठार करण्यात आलं. कुराणातली ज्यूंवरची कठोर वचनं बरीचशी या संघर्षाच्या काळातली मानली जातात. त्याच कुराणात ग्रंथधारकांचं, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्त्यांचं, अन्न मुसलमानाला हलाल ठरवलं आहे आणि त्यांच्या स्त्रियांशी लग्नालाही मुभा आहे.

त्यानंतरची तेराशे वर्षं झरझर उलटावीत. कोर्दोब्यात जन्मलेल्या मैमोनिदेस या ज्यू विद्वानाच्या कुटुंबाला कडव्या अल्मोहाद राजवटीमुळे घर सोडावं लागलं, आणि तोच पुढे सलादीनच्या दरबारी वैद्य झाला. १४९२ मध्ये ख्रिस्ती स्पेननं ज्यूंना हाकललं, तेव्हा ऑटोमन सुलतानानं त्यांना आसरा दिला. १९४१ मध्ये बगदादेत ज्यूंची कत्तल झाली. छळ आणि आसरा दोन्ही त्याच ग्रंथांच्या सावलीत घडले. कुठल्या वर्षी काय वाट्याला येणार, हे गादीवर कोण आहे त्यावर ठरत गेलं.

मराठी मुलखाला तर हे ज्यू आणि अरब मुळीच परके नव्हते. कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून ते शनवार तेली. आपल्या प्रार्थनामंदिराला ते ‘मशीद’ म्हणत. एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मांडून ते जो नैवेद्य करतात त्याचं नाव मलिदा. मराठवाड्यातल्या दर्ग्यांत फातेहाला होतो तोही मलिदाच. चपाती कुस्करून केलेला, पण नाव एकच. मुंबईत माझगावला बेने इस्रायलांनी १८७५ मध्ये काढलेल्या शाळेत, आताच्या सर एली कदूरी शाळेत, आज बहुसंख्य मुलं मुसलमानांची आहेत.

आणि अरब? नांदेड, लातूर, परभणी, बीड या पट्ट्यात चाऊस आडनावाचा वर्गमित्र नसलेला माणूस विरळा. येमेनमधल्या हदरमौतमधून निजामाच्या फौजेत आलेल्या शिपायांचे हे वंशज. घरात दखनी बोलतात, बाजारात अस्सल मराठवाडी.

१९४८ नं या दोघांनाही हलवलं. १४ मे रोजी इस्रायल जाहीर झाला आणि कोकणातली गावं रिकामी होऊ लागली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, त्यानंतर अनेक अरबांना छावण्यांत ठेवून समुद्रापार धाडण्यात आलं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. त्याच्या माणसांनी गावं जाळली, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर सूड म्हणून निरपराध मुसलमान मारले गेले. या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचं नाव घातलं आणि उस्मानाबादचंही, ज्यात तेव्हा लातूर होतं. दोन्ही बाजूंनी धर्माचं नाव घेतलं गेलं, पण प्रश्न सत्तेचा, जमिनीचा आणि सुडाचा होता.

पॅलेस्टाइनचा झगडाही तेव्हा तसाच होता. ज्यू राष्ट्राची कल्पना मांडणारा हर्झल कर्मठ नव्हता, इस्रायलचा पहिला पंतप्रधान बेन गुरियनही नव्हता. पॅलेस्टिनी लढ्यातला एक जहाल नेता जॉर्ज हबश ख्रिस्ती होता. १९४८ मध्ये त्याच्या कुटुंबाला लिद्दा गाव सोडावं लागलं. इस्रायलमध्ये त्याच गावाला लोद म्हणतात, आणि पुढे तिथे मराठी बोलणारे बेने इस्रायल राहायला गेले. एकाच्या उजाड झालेल्या गावात दुसऱ्याचा संसार उभा राहिला. भांडणाचं मूळ शोधायचं तर ते इथे, या घरादारांत शोधावं.

ग्रंथ मैदानात उतरले ते आज पन्नाशीत-साठीत असलेल्यांच्या डोळ्यांदेखत. डिसेंबर १९८७ मध्ये इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला. १९८८ मध्ये हमासनं सनद काढली आणि तीत कयामतीपूर्वी ज्यूंशी होणाऱ्या युद्धाची हदीस घातली. जमिनीच्या मागणीला कयामतीची मुदत मिळाली. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामनं कुवेत गिळलं, तेव्हा मराठवाड्यातल्या आखाती पैशांवर चालणाऱ्या घरांत रेडिओ रात्रभर चालू राहिले. २९ जानेवारी १९९२ ला भारतानं इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी पाडली गेली. पाठोपाठ मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसं मेली. इथेही ग्रंथ आणि इतिहास व्यासपीठावर आले होते. ज्यांनी तेव्हा माइकवरून अर्धवट वचनं फेकून पोरं भडकवली, त्यांच्यापैकी कुणी पुढे माफी मागितल्याचं मराठवाड्याच्या कानावर आलं नाही.

मग सप्टेंबर १९९३ आला. १३ तारखेला इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी वॉशिंग्टनमध्ये हस्तांदोलन केलं. दूरदर्शनवर ते पाहणाऱ्यांना खरोखर वाटलं, की हे मिटतंय. सतरा दिवसांनी, ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारीची जमीन हादरली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. ढिगारे उपसणाऱ्यांनी खालच्या माणसाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. वर्षापूर्वी एकमेकांकडे संशयानं पाहणारा मराठवाडा त्या चिखलात खांद्याला खांदा लावून उभा होता. जिव्हाळ्यानं जपावं असं त्या दशकातलं जे काही उरलंय, ते हेच.

तिकडे मात्र हस्तांदोलन टिकलं नाही. २५ फेब्रुवारी १९९४, रमजानचा शुक्रवार आणि ज्यूंचा पुरीम सण. हेब्रोनमध्ये अब्राहामाची कबर मानल्या जाणाऱ्या ठिकाणी बारूख गोल्डस्टीन या डॉक्टरनं नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. चाळीस दिवसांचा दुखवटा संपताच हमासनं अफुल्यात बसजवळ स्फोट घडवला. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन यांना एका ज्यू कायदा-विद्यार्थ्यानं मारलं आणि ज्यू धर्मशास्त्रातल्या एका नियमाचा आधार सांगितला. समझोता मोडायला निघालेल्या दोन्हीकडच्या माणसांच्या हातात आता ग्रंथ होता. आज चार हजार वर्षांचं म्हणून सांगितलं जाणारं भांडण या रूपात आलं ते या आठ वर्षांत.

आज नांदेड-लातूरचं त्या भूमीशी नातं पाण्याचं आणि पगाराचं आहे. २०१८ मध्ये मराठवाडा वॉटर ग्रीडच्या आराखड्यासाठी राज्य सरकारनं इस्रायलच्या मेकोरोत या सरकारी कंपनीशी करार केला. इथली पोरं नोकरीला आखातात जातात. हागारेच्या गोष्टीतल्या बैर-शेबात आज मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. इतका जवळचा संबंध असलेल्या प्रदेशानं उसना द्वेष अंगावर घ्यावा, याचं दुःख होतं. शाळेत एका बाकावर बसलेल्या चाऊस मित्राला आज गटावरचा प्रत्येक मजकूर वाचून गप्प राहावं लागतं, हे त्याहून मोठं दुःख आहे.

म्हणून तो मजकूर पुढे पाठवण्याआधी वाचकांनी एवढं करावं. मराठी बायबल सहज मिळतं. त्यातला उत्पत्तीचा पंचविसावा अध्याय काढावा आणि नववं वचन वाचावं. अब्राहाम मेला तेव्हा त्याला हेब्रोनच्या त्या गुहेत मूठमाती द्यायला इसहाक आणि इश्माएल हे दोघे भाऊ एकत्र आले होते.