जुनी पिकअप घेतलीत? आधी हे पाहा

● कागद : आरसीवरचे चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. भंडाऱ्याची नोंदणी एमएच-३६.

● चेसिस : भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीसारख्या धानपट्ट्यात बांधीतला चिखल सांध्यांत बसतो, आतून गंज धरतो. धुऊन हातोडीने हलके ठोका. बद्द आवाज आला तर पत्रा कुजला समजा.

● कामाचा क्रम : ब्रेक, स्टिअरिंग, टायर; मग वायरिंग आणि डिझेल टाकी. रंग सर्वांत शेवटी.

● व्हिंटेज नोंदणी : २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी व मूळ रूपातली हवी. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे.

● लक्षात ठेवा : अशी गाडी व्यवसायासाठी किंवा रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. धानाची पोती वाहायची असतील, तर या नोंदणीच्या मागे लागू नका.