गेम संपवून टाकलेली तुमची पोस्ट कोणाच्या कामाची असते?

रात्री दोन-अडीचला पडणारी एक पोस्ट तुमच्या ओळखीची असेल. काळ्या पडद्यावर वर सरकणारी नावं, त्यांचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो आणि वर एक ओळ, "फायनली संपवला. कसला गेम आहे राव. १०/१०." खाली मित्राची कमेंट, "घेऊ का रे?" आणि त्यावर उत्तर, "डोळे झाकून घे."

मित्र खरंच डोळे झाकून घेतो. नवा मोठा गेम भारतात चार-पाच हजारांच्या घरात जातो. स्टीमवर घेतला तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनवर तर एकदा डाउनलोड सुरू केला की, गेममध्येच दोष नसेल तर, परतावा विसरायचा. म्हणजे बाराव्या तासाला गेम कंटाळवाणा होणार असेल, तर ते विकत घेणाऱ्याला स्वतःहून वेळेत कळायचा काही मार्ग नाही. ते फक्त एकच माणूस सांगू शकतो. ज्याने गेम शेवटपर्यंत खेळलाय तो.

आणि अशी माणसं आपल्याला वाटतात तितकी नसतात.

आधी "संपवणं" म्हणजे काय ते बघू, कारण आपल्याकडे बहुतेकांचा गेमशी संबंध येतो तो बीजीएमआय किंवा फ्री फायरमुळे. हे गेम संपत नाहीत. मॅच संपते, सीझन संपतो, गेम चालूच राहतो. त्याउलट गोष्ट सांगणारे गेम कादंबरीसारखे असतात. सुरुवात असते, मध्य असतो आणि २०, ४०, कधी १०० तासांनी शेवट असतो. तिथपर्यंत किती जण पोहोचले याचा हिशोब उघड असतो. स्टीमवर कुठल्याही गेमच्या अचीव्हमेंटच्या यादीत जा, किंवा प्लेस्टेशनच्या ट्रॉफींच्या यादीत. प्रत्येकीपुढे टक्केवारी दिसते. पहिला टप्पा पार करणारे भरपूर असतात आणि शेवटचा टप्पा पार करणाऱ्यांचा आकडा अनेक गाजलेल्या गेममध्येही निम्म्याच्या खाली असतो. ज्या गेमचं तुम्ही कौतुक ऐकलंय त्याची यादी एकदा उघडून बघा, गंमत वाटेल.

मग गेम बाजारात यायच्या आधी जे रिव्ह्यू येतात त्यांचं काय? ते उपयोगी असतात, पण समीक्षकाच्या हातात काय दिलं जातं हे कंपनी ठरवते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सायबरपंक २०७७. १० डिसेंबर २०२० ला गेम आला. त्याआधी समीक्षकांना मिळाली होती ती पीसीची आवृत्ती, आणि स्वतः खेळताना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायला मनाई होती. गुण उत्तम पडले. तोवर ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. ज्यांनी तो जुन्या प्लेस्टेशन ४ वर लावला, त्यांच्यापुढे आला अडखळणारा, मधेच बंद पडणारा गेम. मग साध्या खेळणाऱ्यांच्या पोस्ट आणि क्लिप यायला लागल्या आणि आठवडाभरात सोनीने तो गेम आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. परत आला तो थेट जून २०२१ मध्ये.

म्हणजे लोकांचं बोलणं मोजलं जातं. पण कधी मोजावं आणि कधी मोजू नये, हे समजायला दोन वाद शेजारी ठेवून बघावे लागतात.

४०२ कपकेक आणि शून्य गुण

पहिला वाद २०१२ चा. कॅनडाच्या बायोवेअर कंपनीचा मास इफेक्ट ३ मार्च महिन्यात आला. हा तीन गेमच्या मालिकेचा शेवट होता. पहिला गेम २००७ चा, दुसरा २०१० चा. या मालिकेची खासियत अशी, की तुम्ही पहिल्या गेममध्ये घेतलेले निर्णय दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात सोबत यायचे. कोणाला वाचवलं, कोणाला मरू दिलं, सगळं. पाच वर्षं खेळणाऱ्याने जपलेला हा हिशोब. आणि शेवटी? शेवटी तीन पर्याय, आणि कुठलाही निवडला तरी जवळपास तोच व्हिडिओ, फक्त प्रकाशाचा रंग वेगळा. लाल, हिरवा, निळा. (गेम जुना झाला तरी यापुढचं सांगत नाही. वाद कळायला एवढं पुरे.)

समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला होता. शेवटपर्यंत पोहोचलेले खेळाडू मात्र पेटले. पण त्यांनी काय केलं ते बघा. त्यांनी वर्गणी काढली आणि बायोवेअरच्या ऑफिसला ४०२ कपकेक पाठवले. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या क्रीमचे. तिन्हींची चव एकच, व्हॅनिला! टीका म्हणून याच्याइतकी नेमकी गोष्ट माझ्या तरी पाहण्यात नाही. बायोवेअरने ते कपकेक स्थानिक तरुणांच्या निवारा केंद्राला देऊन टाकले. याच नाराजांनी 'चाइल्ड्स प्ले' या रुग्णालयातल्या मुलांना खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या संस्थेसाठी ८० हजार डॉलरहून जास्त पैसेही जमवले. आणि २६ जून २०१२ ला बायोवेअरने शेवट विस्ताराने सांगणारी नवी आवृत्ती फुकट दिली.

या लोकांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, यावर आजही भांडणं होतात. गोष्ट लिहिणाऱ्याने लोकांच्या दबावाखाली शेवटाला हात लावावा का, हा प्रश्न आहेच. पण त्यांची तक्रार शेवटाबद्दल होती आणि तो शेवट त्यांनी पाहिला होता.

दुसरा वाद २०२० चा. नॉटी डॉगचा द लास्ट ऑफ अस पार्ट २ १९ जूनला आला. त्याच्या कथेतले काही भाग एप्रिलमध्येच फुटले होते. लोकांनी ते वाचले, संतापले आणि गेमची वाट बघत बसले, खेळण्यासाठी नाही, तर शून्य देण्यासाठी. गेम पूर्ण व्हायला साधारण २५ तास लागतात. मेटाक्रिटिक या साइटवर पहिल्याच दिवशी हजारोंनी शून्य गुण पडले. सामान्य खेळाडूंची सरासरी १० पैकी चारच्याही खाली गेली. समीक्षकांची सरासरी मात्र नव्वदच्या वर होती. शून्याला तोडीस तोड म्हणून न खेळताच १० देणारेही होतेच. पुढे प्रकरण आणखी घाण झालं. गेममधल्या ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका पात्राने गोष्टीत जे केलं त्यासाठी!

यानंतर मेटाक्रिटिकने नियम बदलला. गेम आल्यापासून ३६ तास उलटल्याशिवाय सामान्य वापरकर्त्याला गुण देता येणार नाहीत. थोडक्यात, आधी खेळून या.

मला हा नियम अपुरा वाटतो, कारण ३६ तास घड्याळात जातात, खेळण्यात जातीलच असं नाही. स्टीमची पद्धत जास्त चांगली आहे. तिथे प्रत्येक रिव्ह्यूशेजारी लिहिणाऱ्याने तो लिहिताना किती तास खेळला होता ते दिसतं. १.२ तासांवर "बकवास" लिहिणारा आणि ६१ तासांवर "बकवास" लिहिणारा, दोघांचं वजन वाचणारा स्वतः ठरवतो. (६१ तास खेळून बकवास म्हणणाऱ्याबद्दल वेगळी काळजी वाटते, ते सोडा.)

शेवट पाहिलेला माणूसही फसतो

पण शेवट पाहिला म्हणजे मत पक्कं, असंही नाही. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी फक्त एखाद्या अंशाने कोमट होत गेलं. मग विचारलं, यातलं कुठलं पुन्हा कराल? बहुतेकांनी दुसरं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला होता, तरी. कारण शेवट जरा बरा होता. आपण अनुभव तासांच्या हिशोबाने आठवत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोनच गोष्टी आठवतात.

आता हे ४० तासांच्या गेमला लावून बघा. मधले पंधरा तास तुम्ही त्याच त्या गुहांमध्ये तीच ती माणसं मारत होता, दोनदा गेम सोडून दिला होता, आणि शेवटच्या वीस मिनिटांत संगीत असं काही चढलं की डोळ्यात पाणी आलं. त्या क्षणी टाकलेली १०/१० ची पोस्ट खोटी नसते, पण ती वीस मिनिटांबद्दल असते. उलटही होतं. ३० तास मजेत गेले आणि शेवट फसला म्हणून माणूस म्हणतो, "वेळ वाया गेला."

म्हणून दोन-अडीचची पोस्ट खुशाल टाका, पण कोणी "घेऊ का?" विचारलं तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्या. आणि द्याल तेव्हा मधल्या तासांचं बोला. कितव्या तासाला पकड घेतली, कुठे ढेपाळला, कशावर खेळलात, कुठल्या अवघडपणावर खेळलात. सोप्यावर खेळलेल्याला आणि कठीणवर खेळलेल्याला एकाच गेमचे दोन वेगळे गेम दिसतात. कधी खेळलात तेही सांगा. सायबरपंक २०२० मध्ये सोडून दिलेल्याचं मत आणि सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर संपवलेल्याचं मत, दोन्ही खरी असू शकतात.

सांगायचं, पण फोडायचं नाही

सगळ्यात अवघड भाग हा. शेवट पाहिला म्हणून तुमच्या मताला किंमत, आणि नेमका शेवटच सांगायचा नाही.

कंपन्यांनी हे जबरदस्तीने करून पाहिलंय. एप्रिल २०१७ मध्ये पर्सोना ५ इंग्रजीत आला तेव्हा अ‍ॅटलस कंपनीने बजावलं, की गेममधल्या ७ जुलै या तारखेपुढचं काहीही लाइव्ह दाखवलं तर चॅनेलवर कारवाई होऊ शकते. चाहते भडकले. काही आठवड्यांत कंपनीने माफी मागितली आणि ती तारीख गेममधल्या १९ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली.

जबरदस्तीची गरजच पडत नाही, याचं उदाहरण म्हणजे २०१९ चा आउटर वाइल्ड्स. यात तुम्ही एका छोट्या सूर्यमालेत फिरता आणि दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नवी शस्त्रं मिळत नाहीत, ताकद वाढत नाही. तुम्हाला पुढे नेते ती एकच गोष्ट, तुम्हाला काय कळलंय. म्हणजे या गेमबद्दल जे काही सांगाल, ते ऐकणाऱ्याच्या वाट्याचं कमी होणार. तो संपवलेले लोक म्हणून विचित्र वागतात. "काही वाचू नकोस, नुसता खेळ," एवढंच म्हणतात आणि मग दुसरा कोणी पहिल्यांदा खेळत असेल तर त्याच्या शेजारी गप्प बसून बघतात.

व्यवहारात गोष्ट बहुतेक वेळा फुटते ती लिहिण्यातून नाही, फोटोतून. शेवटच्या लढाईचा स्क्रीनशॉट टाकला की त्यात कोण जिवंत आहे ते दिसतंच. कॅप्शनमध्ये कितीही इशारे द्या, डोळा आधी फोटोवर जातो. म्हणून फोटो पहिल्या दोन तासांतला लावा. डिस्कॉर्डवर असाल तर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा टाकल्या की तो झाकला जातो, दाबल्यावरच दिसतो. "शेवटी एक धक्का आहे" हे वाक्यही टाळा. धक्का आहे हे कळलेला माणूस पूर्ण वेळ तोच शोधत बसतो.

दहा माणसं

मोठ्या कंपनीच्या गेमला तुमची एक पोस्ट असली काय, नसली काय. छोट्या गेमचं तसं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक केला. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टरवरची वर्गणी मोहीम फसली होती. तरी २०२० मध्ये गेम आला, आणि द गेम अवॉर्ड्सच्या सर्वोत्तम पदार्पणाच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. चार-पाच तासांत संपणारा हा गेम ज्यांनी पूर्ण केला, त्यांनी चित्रांचं कौतुक केलं आणि शेवट अचानक आल्याची तक्रारही केली. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, हिंदी आवाजांसह.

स्टीमवर कुठल्याही गेमला एकूण शेरा मिळायला किमान दहा रिव्ह्यू लागतात. त्याआधी तिथे काहीच दिसत नाही, ना चांगलं ना वाईट. या मोजणीत स्टीमवर पैसे देऊन घेतलेल्यांचेच रिव्ह्यू धरले जातात, फुकट की मिळालेल्यांचे नाही. एखाद्या नवख्या टीमचा गेम तुम्ही विकत घेऊन संपवला असेल आणि त्याच्या नावापुढे आठच रिव्ह्यू दिसत असतील, तर इन्स्टावरची स्टोरी २४ तासांत जाते, स्टीमवर लिहिलेल्या चार ओळी तिथेच राहतात. नावडला असेल तर तसं लिहा. पुढे अपडेटने गेम सुधारला, तर तोच रिव्ह्यू बदलताही येतो.