पोटात आईचं दूध, ४२ हजार वर्षांनंतरही

सायबेरियातल्या यामल द्वीपकल्पावर मे २००७मध्ये रेनडियर पाळणाऱ्या एका नेनेत्स पशुपालकाला नदीकाठी मॅमथचं पिल्लू सापडलं. ल्युबा नावाची ही मादी मेली तेव्हा जेमतेम महिन्याची होती. पापण्यांचे केस शाबूत, पोटात आईचं दूध! आतड्यात मोठ्या मॅमथची विष्ठाही होती. हत्तीची पिल्लं आजही ती खातात. पाला पचवणारे जिवाणू त्यांना त्यातूनच मिळतात. सोंडेत, श्वासनलिकेत गाळ होता, म्हणजे बिचारी चिखलात गुदमरली. मग तिला बर्फानेच राखलं का? निव्वळ बर्फाने नाही. दह्यातल्या जिवाणूंच्या जातकुळीतले जिवाणू तिच्या शरीरात वाढले, त्यांनी लॅक्टिक आम्ल तयार केलं आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना तिथे थाराच मिळाला नाही.